धवलराव सशाची झूल उतरविली त्याची हकीकत

श्री. विघ्ने हरणारा जो गजवदन त्यास नमन, आणि त्याचे पायाशी बसणारा जो मूषक त्यास दोन वेळा नमन, कारण ही हकीकत लहान जिवांची आहे आणि मोठ्यांनी ती ऐकावी ऐसी इच्छा आहे. शके सोळाशे चौऱ्याण्णव, नंदननाम संवत्सर, श्रावणमासी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते येथे लिहिले. राज्याचे नाव लिहिले नाही. जे त्यातले आहेत ते ओळखतील, आणि जे नाहीत त्यांस नावाने काय लाभ? राज्य डोंगरी, किल्ला एक, पेठ एक आणि नदी अर्धी, कारण पैलतीर दुसऱ्याचे. गादीवर श्रीमंत बाईसाहेब होत्या. यजमान निवर्तल्यावर अकरा वर्षे त्यांनी राज्य राखिले, आणि ऐसे राखिले की पैलतीरचा राजा स्नानासही आपल्याच काठाने उतरे.

त्या राज्यात कोणे एके साली सातासमुद्रापलीकडला एक वलंदेज, म्हणजे डच, व्यापारी आला आणि त्याने बाईसाहेबांस पांढऱ्या सशांचा जोडा नजर केला. आपल्या रानातला ससा तपकिरी, भित्रा, माणूस दिसताच झुडपात शिरणारा. हे ससे कापसासारखे, लांब केसांचे, हातावर बसून दूर्वा खाणारे. बाईसाहेबांचे मन बसले आणि मग ससेखाना उभा राहिला, आणि तीन वर्षांत दोहोंचे अठ्ठावीस जाहले. दरोगा नेमावयाचा तो तिमाजीपंतांस नेमिले. तिमाजीपंत हे दफ्तरात पोथ्या लावणारे, पन्नाशी उलटलेले, देहाने बारीक आणि स्वभावाने त्याहून बारीक. दरबारात त्यांचा आवाज कोणी ऐकिला नव्हता. मुजरा करिताना अंगरख्याची जी सळसळ होई तेवढाच त्यांचा आवाज. लोक हसून म्हणत, "सशांस बरोबर दरोगा मिळाला, दोघेही मुके." पंतांस हे ठाऊक होते आणि पंतांचेही मत तेच होते.

ऐशियास शके सोळाशे एक्याण्णवात पैलतीरच्या राजाने किल्ल्यास वेढा दिला. महिना गेला, तोफा थकल्या, मग शत्रूने गुप्तपणे दक्षिण बुरुजाखाली सुरुंग खणावयास आरंभ केला. किल्ल्यात कोणास खबर नाही. परंतु ससेखान्यातला थोरला ससा एके दिवशी सकाळपासून मागचा पाय भुईवर आपटू लागला. धप्, आणि थांबे, आणि कान भुईस लावी, आणि पुन्हा धप्. ससा भुईतली चाहूल ऐकतो आणि आपल्या जातीस पाय आपटून सावध करितो, हे पंतांनी बारा महिने पाहून जाणिले होते. पंत मसलतीत गेले. सरदार मोठमोठ्याने बोलत होते. पंतांनी दोनदा तोंड उघडिले आणि दोनदा मिटिले. मग परत ससेखान्यात जाऊन त्यांनी ससाच पदराखाली घेतला आणि दक्षिण बुरुजावर बाईसाहेबांचे पुढ्यात ठेविला. सशाने धप् केले. बाईसाहेबांनी क्षणभर पाहिले आणि नगारा आणविला, आणि नगाऱ्यावर मोहरीचे दाणे टाकविले, ते आपोआप नाचू लागले, म्हणजे भुईखाली कोणी खणीत होते. मग आतून खणून सुरुंगात पाणी सोडिले, शत्रूची दारू भिजली, आणि आठवे दिवशी वेढा उठला. बाईसाहेबांनी भर दरबारात त्या सशास 'धवलराव सुरुंगबहाद्दर' ऐसा किताब दिला आणि किनखापाची झूल पांघरविली. निशाणावर ससा आला. पंतांस श्रीफळ मिळाले, आणि त्यांस वाटले की तेही जास्तच जाहले.

आता या राज्यात पाठमर्यादा म्हणून एक शिरस्ता होता तो सांगितला पाहिजे. थोरल्या महाराजांचे कारकीर्दीत एक स्थूल सरदार मुजरा करून दरबारातून निघाले, तो त्यांचा चोळणा मागून उसवलेला दिसला आणि सारा दरबार हसला. दुसरे दिवशी ते सरदार तीन हजार घोड्यांनिशी शत्रूस मिळाले. तेव्हापासून हुकूम जाहला की किताब असलेल्या मानकऱ्याची पाठ कोणी पाहू नये. तो वळला की सर्वांनी नजर जमिनीस लावावी. हुकूम शहाणपणाचा होता आणि पुढे कोणी सरदार फुटला नाही. परंतु धवलरावांस किताब मिळाला तेव्हा शिरस्तेदार हैबतराव यांनी दफ्तर उघडून दाखविले की हुकुमात 'मानकरी' ऐसे लिहिले आहे, 'मनुष्य' ऐसे लिहिले नाही. मग धवलरावांसही पाठमर्यादा लागू जाहली. त्यांचे केस विंचरावयाचे ते मस्तकापासून खांद्यापर्यंत. पुढचे पाय पुसावयाचे, कान पाहावयाचे. आणि खांद्यामागे किनखापाची झूल, ती पहाटे काळोखात डोळे मिटून बदलावयाची. हैबतराव हे वाईट मनुष्य नव्हते. ताठ बसत, लोडास कधी टेकत नसत, आणि लोक म्हणत, काय करारी पुरुष आहे.

बाईसाहेबांनी वेढा उठल्याच्या आनंदात दरसाल श्रावणात हिरवळस्वारी नेमिली. सर्व ससे मेण्यांतून नदीकाठच्या कुरणात न्यावे, तेथे तीन दिवस डेरे द्यावे, सशांनी मोकळे चरावे आणि रयतेने पाहावे. पहिल्या साली स्वारी थाटात जाहली, परंतु परत आल्यावर चौथे-पाचवे दिवशी दोन ससे मेले. दुसऱ्या साली पाच. मिरच्या ओवाळिल्या, लिंबे उतरिली, तेलाचे दिवे लाविले. शिकारखान्यातल्या एकाने कुत्र्यांस लावितात तो तंबाखूचा काढा त्या पाचांतल्या दोघांस चोपडिला, ते अंग चाटून संध्याकाळपर्यंतच गेले. कुत्र्यास जे सोसते ते सशास सोसत नाही हे तेव्हा कळले, परंतु कळून उपयोग काय? मग तिसऱ्या साली, म्हणजे नंदन संवत्सरी, बाईसाहेबांनी पंतांस बोलाविले आणि म्हणाल्या, "पंत, आम्ही हौसेने नेतो आणि ते मरतात. यंदा स्वारी होईल. परंतु यंदा एकही ससा गेला, तर पुढे हिरवळ बंद. ससेखान्याच्या दगडी ओवऱ्यांत राहतील, जिवंत तरी राहतील." पंतांनी मुजरा केला. अंगरखा सळसळला.

ओवरीतला ससा पंतांनी पाहिला होता: तो जगतो, परंतु दात वाढतात, पाठ जड होते आणि डोळे भिंतीचे होतात. आणि हिरवळीवरचे धवलराव त्यांनी पाहिले होते. गवतावर ठेविताच ते क्षणभर स्तब्ध बसत आणि मग एकाएकी हवेत उडी घेऊन अंगास पीळ देत, जणू कोणी आतून हाक मारिली. एवढ्या वयात पंतांस ज्या थोड्या गोष्टींचा अभिमान वाटे त्यांत ती उडी पहिली. ती उडी पुन्हा व्हावी की न व्हावी, हे आता त्यांचे हाती होते, आणि आपल्या हातांवर पंतांचा विश्वास नव्हता.

मग पंत विचार करून कुरणापलीकडे मायाक्का धनगरणीचे वाड्यावर गेले. मायाक्का ही साठ मेंढरांची मालकीण, विधवा, दांडगी, आणि बोलणे ऐसे की पेठेत तिच्याशी घासाघीस करण्यास कोणी धजत नसे. पंतांस पाहून ती म्हणाली, "काय वं पंत, आज पोथी सोडून मेंढरांत?" पंत म्हणाले, "मायाक्काबाई, एक विचारावयाचे होते. म्हणजे, घाई नाही. सवड असेल तर." ती म्हणाली, "सवड मला न्हाई आन् मेंढरांस्नीबी न्हाई. इचारा." पंतांनी सशांची हकीकत सांगितली. तिने हातातली कातर खाली ठेविली. "हिरवळीवरनं आल्यावर मेली? चौथ्या दिशी? आन् तुमी दिष्ट म्हनून मिरच्या जाळल्या असतील." पंतांनी मान खाली घातली, कारण मिरच्या त्यांनीच ओवाळिल्या होत्या.

मायाक्काने एका मेंढराची लोकर बोटांनी उलटी सारिली आणि कातड्याशी चिकटलेली एक गोचीड उपटून पंतांचे तळहातावर ठेविली. "ह्यो बघा दुस्मानाचा सरदार. गवताच्या शेंड्यावर पाय पसरून बसतो, जनावर गेलं की धरतो." पंतांनी गोचिडीचे पाय मोजिले, ते आठ भरले, आणि त्यांनी टिपून ठेविले. मग मायाक्का बोलत गेली आणि पंत लिहीत गेले. गोचीड उंच गवतात आणि गुरे-कुत्री बसतात तेथे राहते, म्हणून कुरण ऐसे निवडावे की महिनाभर तेथे गुरे-कुत्री आली नसतील, आणि गवत चार बोटे ठेवून कापावे, म्हणजे ऊन भुईपर्यंत पोचते. पिसवा जुन्या गवताच्या अंथरुणात निपजतात, म्हणून अंथरूण रोज जाळावे आणि नवे कोरडे घालावे. पोटातले जंत घाणीच्या गवतावरून येतात, म्हणून सशांचे कुंपण रोज उचलून पुढच्या ताज्या गवतावर न्यावे, जेथे काल बसले तेथे आज खाऊ नये. रानसशांस जवळ येऊ देऊ नये, त्यांच्या पिसवा पाहुण्यासारख्या येतात आणि घरच्यासारख्या राहतात. आणि रोज सांजेस, दिवस असताना, प्रत्येक ससा मांडीवर घेऊन केस उलटे फिरवून पाहावे: कानांचे आत, मानेखाली, बोटांचे बेचक्यांत. "आन् शेवटाला," मायाक्का म्हणाली, "शेपटाखाली. तितं समद्यात आधी. बघता न्हवं?"

पंत लाल जाहले. मायाक्का म्हणाली, "पंत, मी शेपटाचं इचारलं, लग्नाचं न्हाई. बघता का न्हाई?" पंत म्हणाले, "बाकीच्यांचे पाहता येईल. धवलरावांचे पाहता येत नाही. पाठमर्यादा आहे." आणि त्यांनी शिरस्ता समजाविला. मायाक्का ऐसी हसली की दोन कोकरे दचकून आईखाली शिरली. मग डोळे पुसून, हसणे थांबवून ती म्हणाली, "अवं पंत, ती हिरवी माशी हाय ना, ती घान हुडकत येती. जनावर ढाळलं, मागं चिकाटलं, वरनं वल आन् ऊब मिळाली, की अंडी घालती. दिस उलटायच्या आत अळ्या. त्या जित्या जनावराला खात्यात. वरनं ससा कसा दिसतो? तसाच दिसतो. गप बसतो. ससा वरडत न्हाई. आन् तुमी वरनं किनखाप घालता. मरन मागनं येतंय, आन् तुमी म्होरनं पहारा देताय!" पंत म्हणाले, "परंतु शिरस्ता..." ती म्हणाली, "शिरस्ता बदला. तोंड हाय न्हवं?" पंतांनी खरे तेच सांगितले. "आहे. चालत नाही." मायाक्का म्हणाली, "तुमची जीभ म्हंजी ससाच की वं. बिळातच बसती."

त्यानंतर पंतांनी अर्जी लिहिली. सात वेळा लिहिली. पहिली फार लांब, दुसरी फार उद्धट वाटली, तिसरीत धवलरावांच्या शेपटाचा उल्लेख एकदाच होता तरी जास्त वाटला. सातवी बरी उतरली, ती घेऊन ते हैबतरावांकडे गेले. हैबतराव ताठ बसले होते. त्यांनी अर्जी वाचिली आणि सौम्यपणे म्हणाले, "तिमाजीपंत, तुमचा हेतू निर्मळ आहे. परंतु आज सशाची पाठ पाहिली तर उद्या माझी पाहतील. शिरस्ता म्हणजे धरणाची भिंत. एक दगड काढिला की काढणाऱ्याचेच घर आधी बुडते." हे बोलताना त्यांनी खांदा किंचित हलविला आणि ओठ आवळिले. पंतांनी ते पाहिले, परंतु अर्थ लाविला नाही. अर्जी पागोट्यात खोवून ते परतले.

मग श्रावण शुद्ध दशमीस हिरवळस्वारी निघाली. पुढे निशाण, मग नगारा, मग अठ्ठावीस मेणे, कारण मेले तितके नवे निपजले होते, आणि मेण्यांमागे मायाक्का हातात लहान कातर घेऊन चालली, कारण पंतांनी तिला ससेखान्याच्या तैनातीस घेतले होते. कुरण पंतांनी स्वतः निवडिले होते. गवत चार बोटे कापिले होते, कुंपण वेताचे होते, शिकारखान्याची कुत्री कोसभर दूर ठेविली होती. हैबतराव गवत पाहून म्हणाले, "हे कुरण की बोडकी टेकडी?" परंतु बाईसाहेब म्हणाल्या, "पंतांचे काम आहे, पंत जाणोत." ससे सोडिले. धवलराव क्षणभर स्तब्ध बसले, आणि मग एकाएकी झुलीसकट हवेत उडाले, आणि रयतेने जयघोष केला, आणि पंतांचे डोळे भरून आले. रोज सांजेस सत्तावीस ससे मायाक्काच्या आणि पंतांच्या मांडीवरून गेले. कानांत, बेचक्यांत, शेपटाखाली पाहिले. पहिल्या दिवशी तीन गोचिडी निघाल्या, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी एकही नाही. एका सशाचे मागे घाण चिकटली होती तेथली लव मायाक्काने कातरिली आणि कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून कोरडी केली. तेवढेच. अठ्ठाविसावा ससा मांडीवर आला की पंत कान पाहत, मान पाहत, पुढचे पाय पाहत, आणि झुलीपाशी हात थांबे.

तशात पेठेतल्या रयतेने हौसेने सुरुंगबहाद्दरांस नैवेद्य आणिला. गूळ, केळी, साखरेत घोळविलेले फुटाणे. किल्ला ज्याने वाचविला त्याच्या मुखी एक घास जावा ऐसी प्रत्येकाची इच्छा, त्यास नाही कसे म्हणावे? पंतांनी दोनदा हात आडवा केला, परंतु शब्द फुटला नाही, आणि हात कोणी ओळखिला नाही. सशाचे पोट गवताचे. गुळाने ते बिघडले. श्रावणातले ऊन-पाऊस, वरून किनखाप, आत ओल.

स्वारी किल्ल्यावर परत आली त्याच्या दुसरे दिवशी सकाळी पंत ससेखान्यात गेले, तो सत्तावीस ससे दूर्वांसाठी जाळीशी उभे आणि धवलराव कोपऱ्यात गोळा होऊन बसलेले. डोळे अर्धे मिटलेले, दात बारीक वाजत होते, पुढे केलेली दूर्वा त्यांनी हुंगिलीही नाही. आणि झुलीच्या कडेवर दोन हिरव्या माशा बसल्या होत्या. पंतांनी त्या हाकलिल्या, त्या पुन्हा तेथेच बसल्या. त्यांनी मायाक्काकडे पाहिले. ती म्हणाली, "आत्ता. सांजेपावतर ऱ्हायचा न्हाई." पंत म्हणाले, "येथेच झूल काढितो. कोणास कळणार नाही." ती म्हणाली, "कळनार न्हाई. मग फुडल्या सालीबी झूल, आन् त्याच्या फुडल्या सालीबी. रोज चोरून बघनार का?" धवलरावांनी एकदा पंतांकडे पाहिले. तीन वर्षांपूर्वी पंतांस बोलता आले नाही तेव्हा हा ससा त्यांच्यासाठी बुरुजावर बोलला होता. आता त्यास बोलता येत नव्हते. पंतांनी त्यास दोन्ही हातांनी पोटाखालून उचलिले, छातीशी धरिले आणि दरबाराची वाट धरिली.

दरबार भरला होता. पंत मधोमध चालत गेले ते कोणाकडे न पाहता. चोपदाराने विचारिले, "कोणाची परवानगी?" पंतांनी धवलरावांस गालिच्यावर ठेविले आणि पागोट्यातली अर्जी काढिली, तो ती घामाने भिजून शाई पसरलेली, एक अक्षर वाचता येईना. बाईसाहेब म्हणाल्या, "पंत, काय जाहले?" पंतांनी तोंड उघडिले. काही निघाले नाही. मग त्यांनी अर्जी खाली टाकिली आणि झुलीच्या बंदास हात घातला. हैबतराव ताडकन उठले आणि ओरडले, "पाठमर्यादा!" आणि सारा दरबार, सरदार, मानकरी, चोपदार, पंखेवाले, एकदम जमिनीकडे पाहू लागला. बाईसाहेबांचीही मान सवयीने खाली गेली. आणि खरे लिहावयाचे तर पंतांनीही झूल काढिली ती डोळे मिटून. एवढ्या मोठ्या दरबारात त्या क्षणी त्या मुक्या जिवाकडे पाहणारे कोणी नव्हते, फक्त माशा होत्या. मग पंतांनी डोळे उघडिले.

जमिनीकडेच पाहत बाईसाहेब म्हणाल्या, "पंत. काय दिसते?" पंत म्हणाले, "अळ्या, बाईसाहेब." हा त्यांचा दरबारातला पहिला शब्द. आवाज फाटका निघाला, परंतु खांबांस लागून परत आला, आणि त्यांस स्वतःचा आवाज ऐकून जरा धीर आला. ते म्हणाले, "मागच्या मांडीस जिवंत अळ्या लागल्या आहेत. दृष्ट नाही, शाप नाही. माशी आहे. गेल्या साली तीन आणि त्या आधी दोन याच वाटेने गेले असावेत, आम्ही पाहिले असते तर कळले असते. ज्या पायाने यांनी सुरुंग सांगितला तोच हा पाय, बाईसाहेब. किल्ला वाचला त्या पायावर, आणि तो पाय तीन वर्षांत आम्ही कोणी पाहिला नाही." हैबतरावांची नजर जमिनीस खिळलेली. मग बाईसाहेबांनी मान वर केली. सरळ धवलरावांच्या पाठीकडे पाहिले, आणि गादीवरून उतरून गालिच्यावर येऊन बसल्या. म्हणाल्या, "सर्वांनी पाहावे. आम्ही सांगतो. पाहावे, आणि मग हसावयाचे असेल त्याने हसावे." कोणी हसले नाही.

मायाक्का दाराबाहेर कातर, चिमटा आणि कोमट मीठपाण्याचे तपेले घेऊन उभीच होती. ती आत आली, तिचा मुजरा करावयाचा राहून गेला आणि कोणी टोकिले नाही. तिने ओली लव कातरिली, चिमट्याने एकेक अळी वेचून तपेल्यात टाकिली, कातड्याच्या घडीत पुन्हा पुन्हा पाहिले, मीठपाण्याने धुऊन मऊ फडक्याने कोरडे केले. एका सरदाराने सुचविले की हौदात बुडवावे, लवकर होईल. मायाक्का वर न पाहता म्हणाली, "सरदारसायेब, ससा हाय, धोतर न्हाई." सरदार मागे सरले. बाईसाहेबांनी स्वतः धवलरावांचे मस्तक हातात धरिले होते. पंत कापसाच्या बोळ्याने त्यांचे मुखी पाणी टाकीत होते, थेंब थेंब. दीड प्रहर गेला. त्या दिवशी दरबारात दुसरे काम जाहले नाही आणि उठूनही कोणी गेले नाही. शेवटी मायाक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "झालं माझ्याकडनं. आता उद्याच्याला खाल्लं तर तुमचा, न्हाई तर देवाचा."

दुसरे दिवशी सकाळी न बोलाविता लोक ससेखान्यासमोर जमले. धवलराव कोरड्या गवतावर बसले होते, झूल नव्हती, मागचा भाग कातरलेला, शोभा काही राहिली नव्हती. पंतांनी दूर्वांची जुडी पुढे केली. धवलरावांनी हुंगिली आणि तोंड फिरविले. मायाक्काने पंतांकडे पाहिले, पंतांनी पाहिले नाही. पंतांनी जुडीतली एक कोवळी दूर्वा वेगळी काढिली आणि तशीच धरून ठेविली. बराच वेळ गेला. मग धवलरावांचे ओठ हलले आणि दूर्वा शेंड्यापासून आत जाऊ लागली, हळूहळू, सारी. इतक्यात पेठेतला एक वाणी प्रेमाने गुळाची ढेप घेऊन पुढे आला, तो धवलरावांनी मागचा पाय उचलून भुईवर आपटिला. धप्. आणि पंतांनी मोठ्याने, पूर्ण आवाजात म्हटले, "गूळ मागे!" वाणी इतका चपापला की ढेप त्याच्याच पायावर पडली. लोक हसले, पंतही हसले, आणि बाईसाहेबांनी नगारा वाजविण्यास सांगितले.

मग हुकूम जाहला तो ऐसा. मनुष्य मानकरी वळला की नजर खाली न्यावी, हा जुना मान तसाच राहील. परंतु आजारी असेल त्याची पाठ वैद्याने पाहावी, मानकरी असला तरी. आणि सशांची, किताब असो वा नसो, रोज पाहावी. दरबार भरण्यापूर्वी तिमाजीपंतांनी धवलरावांस सर्वांसमोर मांडीवर घ्यावे, कान, मान, बेचके आणि शेपूट पाहावे, आणि मोठ्याने वर्दी द्यावी, मग दरबारास आरंभ व्हावा. बाईसाहेबांनी पंतांस किताब देऊ केला. पंत हात जोडून म्हणाले, "किताब नको. माझी पाठ कोणी पाहिली नाही तर पंचाईत होईल, मला स्वतःला काही सांगता येत नाही." बाईसाहेब हसल्या आणि म्हणाल्या, "आता येते, पंत."

हिरवळस्वारी बंद जाहली नाही. त्याच संध्याकाळी हैबतराव एकटे ससेखान्यात आले. पंत सशांचे अंथरूण बदलीत होते. हैबतरावांनी भुईकडे पाहत विचारिले, "ती धनगरीण... केवळ जनावरांचेच पाहते काय?" पंत म्हणाले, "का बरे?" हैबतराव म्हणाले, "पाठीवर गळू आहे. आठ महिने. वैद्यास दाखविता येत नव्हते, शिरस्ता मीच राखावयाचा." आणि तेव्हा पंतांस कळले की हा करारी पुरुष लोडास का टेकत नव्हता. त्यांनी स्वतः वैद्यास बोलावून आणिले आणि गळू फुटेपर्यंत हैबतरावांचा हात धरून बसले. पुढे हैबतराव दरबारात लोडास टेकून बसू लागले, आणि वर्दीस एक क्षण उशीर जाहला तर तेच आधी म्हणत, "पंत, सशाचे पाहिले काय?"

पहिल्या दिवशीची वर्दी अशी जाहली. दरबार भरला, पंतांनी धवलरावांस मांडीवर घेतले, बोटांनी केस उलटे सारिले, कान पाहिले, मान पाहिली, बेचके पाहिले, शेपूट उचलून पाहिले. मग उभे राहिले. सर्वांस वाटले की आता पुन्हा शब्द अडेल. पंतांनी श्वास घेतला आणि म्हटले, "धवलराव सुरुंगबहाद्दर, मागून पुढून साफ!" तो आवाज दरबारातून सज्ज्यावर, सज्ज्यावरून तटावर आणि तटावरून खाली उतरला. कुरणात मायाक्का मेंढरे हाकीत होती. तिने मान वर केली आणि शेजारच्या मेंढरास म्हणाली, "ऐकलंस? आलं बिळाभायेर."

याप्रमाणे धवलराव त्यानंतर सहा श्रावण हिरवळीवर उड्या मारून, सातव्या वर्षी म्हातारपणाने, ऊन पडलेल्या गवतावर निवर्तले. तिमाजीपंतांनी वर्दी अखेरपर्यंत दिली, आणि त्यांच्या कारकीर्दीत हिरवळीवरून आलेला एकही ससा माशीने, गोचिडीने की पिसवेने गेला नाही. राज्य लहान होते, शत्रू त्याहून लहान होता, आणि तो जिंकिला ही गोष्ट खरी आहे. लेखनात कमीजास्त जाहले असेल ते वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे; परंतु आपला ससा बाहेरून आला असेल, तर ही बखर मिटून ठेवून आधी त्याचे शेपटाखाली पाहावे. इति.